एका धर्मग्रामाचा जमाखर्च

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या डेव्हन परगण्याच्या उत्तर काठाला, एक्समूरचे उघडे माळरान संपून दऱ्याखोऱ्यांची शेती जिथे सुरू होते तिथे, मोरबाथ नावाचे गाव आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या गावात सुमारे ३३ घरे होती. जमीन चढउताराची, हवा ओली आणि थंड. त्यामुळे थोडे धान्य पिकवावे आणि बाकी मेंढ्यांवर जगावे असा तिथला रिवाज होता. गावात किल्ला नव्हता, मोठी लढाई तिथे झाली नाही, इतिहासात नाव राहील असा राजपुरुषही तिथे जन्मला नाही. असे असूनही इंग्लंडमधल्या धर्मसुधारणेचा, म्हणजे पोपशी नाते तोडून चर्च बदलत गेले त्या काळाचा, अभ्यास करणाऱ्याला आज मोरबाथ टाळून पुढे जाता येत नाही. १५२० साली या गावाला एक धर्मगुरू मिळाला, तो ५४ वर्षे तिथेच राहिला, आणि चर्चच्या कारभाराचा पै-पैचा हिशेब त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवला.

त्याचे नाव सर ख्रिस्तोफर ट्रिकी. विद्यापीठाची पदवी नसलेल्या साध्या धर्मगुरूला त्या काळी आदराने ‘सर’ म्हणत. त्याचा सरदारकीशी संबंध नव्हता. तो डेव्हनमधल्याच एका गावचा. ऑगस्ट १५२० मध्ये तो मोरबाथला आला तेव्हा आठवा हेन्री राज्यावर होता आणि इंग्लंड रोमच्या पोपला मानणारे होते. मे १५७४ मध्ये तो वारला तेव्हा एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीला पंधरा वर्षे उलटून गेली होती, लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, बंद झाली होती आणि ज्या मूर्तींसमोर त्याने तरुणपणी मेणबत्त्या लावल्या होत्या त्या केव्हाच काढून टाकण्यात आल्या होत्या. या दोन टोकांच्या मध्ये गावाने धर्म चार वेळा बदलताना पाहिला. धर्मगुरू तोच होता, आणि वहीतले अक्षरही तेच.

नोकरीच्या काळात मी सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करत असे. त्या कामाने माझ्या नजरेला एक वळण लागले आहे. हिशेबाची वही समोर आली की तिच्यातली बेरीज जुळते की नाही यापेक्षा, ती कोणासाठी लिहिली आहे हे मी आधी पाहते. बहुतेक वह्या वरच्या कार्यालयासाठी लिहिलेल्या असतात, आणि त्यांच्या भाषेवरून ते लगेच कळते. मोरबाथच्या नोंदी छापील रूपात वाचू लागले तेव्हा पहिल्या काही पानांतच जाणवले की ही वही वर पाठवण्यासाठी लिहिलेली नाही. ती गावासमोर मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी लिहिलेली आहे. कारभाराची मुदत संपली की चर्चचे वॉर्डन, म्हणजे गावातूनच नेमलेले कारभारी, गावाला हिशेब देत, आणि तो त्यांच्या वतीने ट्रिकी लिहीत व वाचत असे. त्यामुळे वाक्ये बोलण्याच्या लयीत येतात, मध्येच लॅटिनचा एखादा तुकडा येतो, देणगीदाराचे नाव घेऊन त्याच्यासाठी देवाकडे मागणे येते, आणि कोणी देणे थकवले असेल तर तेही सगळ्यांसमोर येते. लिहिणाऱ्याला आपले श्रोते ठाऊक होते, आणि श्रोत्यांनाही प्रत्येक मेंढी ठाऊक होती.

मेंढी असे मी सहज म्हणत नाही, कारण या वहीचा अर्धा जीव मेंढ्यांत आहे. पॅरिश, म्हणजे वसईकडचे मराठी ख्रिस्ती ज्याला धर्मग्राम म्हणतात तो गावाचा धार्मिक घटक, मोरबाथमध्ये एका तिजोरीवर चालत नव्हता. तिथे अनेक छोटे निधी होते. गावाचे आश्रयदाते संत जॉर्ज यांचा एक, माता मरियेचा एक, येशूच्या वेदीचा एक, मृतांच्या आत्म्यांसाठी तेवणाऱ्या दिव्याचा एक, संत अँथनीचा एक, तरुण मुलांचा एक आणि अविवाहित मुलींचा एक. यांतल्या बऱ्याच निधींच्या मालकीच्या मेंढ्या असत. पण चर्चला स्वतःचे कुरण नव्हते. म्हणून या मेंढ्या एक-दोन, एक-दोन करून गावातल्या शेतकऱ्यांच्या कळपात सोडलेल्या असत आणि ते शेतकरी त्या फुकट सांभाळत. वर्षाच्या शेवटी लोकर विकली जाई, तिचे पैसे त्या त्या निधीत जमा होत, आणि त्यांतून मूर्तीसमोरच्या मेणबत्त्यांचे मेण येई. संत जॉर्जची मेंढी कोणाकडे आहे, मरियेच्या मेंढीला कोकरू झाले का, अमक्याकडची मेंढी मेली तर तिच्या कातड्याचे काय झाले, हे सारे वहीत नावानिशी आहे. एका गावकऱ्याने तर मधमाश्यांचे पोळेच चर्चला दिले, म्हणजे दिव्याचे मेण कायमचे मिळत राहावे.

एवढ्या लहान गावात इतके वेगवेगळे हिशेब कशासाठी, हा प्रश्न लेखापरीक्षकाच्या मनात पहिल्यांदा येतो. कारभार सुटसुटीत करायचा तर सगळे निधी एकत्र करावेत, असा शेरा मी नोकरीत असताना नक्की मारला असता. पण यादी नीट पाहिली तर उत्तर त्यातच आहे. प्रत्येक निधीला वॉर्डन लागत, ते दरवर्षी बदलत, आणि मुख्य वॉर्डनचे पद तर घरांच्या पाळीने फिरत असे. त्यामुळे श्रीमंत शेतकऱ्याच्या घरात जसे ते पद येई तसेच लहान झोपडीवाल्याकडेही येई. पाळी विधवेच्या घरावर आली तर तीच वॉर्डन होई. मुलींच्या निधीच्या वॉर्डन मुलीच असत, पैसे त्याच गोळा करत आणि वर्षाच्या शेवटी आपला हिशेब साऱ्या गावासमोर देत. ज्या काळात शेतकऱ्याच्या मुलीचे नाव बाप्तिस्मा, लग्न आणि मरण एवढ्याच प्रसंगी घेतले जाई, त्या काळात मोरबाथच्या अविवाहित मुलींची नावे सार्वजनिक पैशाच्या हिशेबात जबाबदार व्यक्ती म्हणून वर्षानुवर्षे येतात. मला त्या पानांवर थांबल्याशिवाय पुढे जाता आले नाही.

मोठा पैसा मात्र मेजवानीतून येई. चर्चच्या मालकीचे एक घर होते. तिथे वर्षातून ठरलेल्या वेळी एल, म्हणजे घरगुती बिअर, गाळली जाई आणि गावजेवण होई. शेजारच्या गावांचे लोकही येत, आणि मोरबाथकर त्यांच्याकडे जात. एक मेजवानी मुख्य वॉर्डन घालत, एक तरुण मुले घालत. छप्पर दुरुस्त करणे, घंटेचा दोर बदलणे, पुस्तके बांधून घेणे हे सारे त्या नफ्यावर चाले.

ट्रिकीने गावात येताना एक संत बरोबर आणली. एक्झिटर शहराची संत सिडवेल ही कुमारी हुतात्मा होती. तिच्या जमिनीवर डोळा ठेवून सावत्र आईने कापणीच्या मजुरांकडून विळ्याने तिचा शिरच्छेद करवला आणि ती पडली तिथे झरा फुटला, अशी तिची कथा. नव्या धर्मगुरूने स्वतःच्या खर्चाने तिची मूर्ती आणून येशूच्या वेदीपाशी ठेवली. आधी ती गावाला परकीच होती. पण पंधरा-वीस वर्षांत वहीतल्या नोंदी बदलत जातात. कोणी मृत्युपत्रात तिला काही ठेवते, कोणी जपमाळ देते, तिच्यासाठी चांदीचा जोडा घडवला जातो, आणि पुढे गावातल्या मुलींचे नाव सिडवेल ठेवलेले दिसू लागते. धर्मगुरूची हौस गावाची भक्ती कशी झाली याचा इतका सलग पुरावा मी दुसरीकडे वाचलेला नाही.

तो चांदीचा जोडा नोव्हेंबर १५३४ मध्ये चोरीला गेला. चोर शिडी लावून चर्चवर चढला, शिडी वर ओढून घेतली, ती मनोऱ्याच्या खिडकीला लावली, खिडकी फोडून आत उतरला, चकमकीने उजेड केला आणि मिस्सेचा एक चषक व सिडवेलचा जोडा घेऊन गेला. ट्रिकीने हे इतक्या बारकाईने लिहिले आहे की जणू तो ती शिडी पुन्हा पुन्हा मोजत होता. चषकावाचून मिस्सा कशी व्हायची? गावातल्या तरुण मुलांनी आणि मुलींनी आपसांत वर्गणी काढून नवा चषक घेतला आणि गावावर त्याचा भार पडू दिला नाही. वहीतला त्या पानाचा आनंद लपत नाही. त्याच नोव्हेंबरात लंडनला पार्लमेंट भरले होते, आणि राजा हाच इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख आहे असा कायदा त्याच अधिवेशनात झाला. मोरबाथच्या वहीत त्या कायद्याची नोंद नाही. तिथे त्या हिवाळ्यात चषकाची चिंता होती.

हे वाचून तिथे रामराज्य होते असे कोणाला वाटू नये. १५३० च्या दशकातच गाव एका क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीवरून काही वर्षे भांडत होते. मिस्सेत उत्तरे देणारा, पवित्र पाणी घरोघर नेणारा चर्चचा सेवक गावाने पोसायचा असे, आणि त्याचा मोबदला घरटी ठरलेली नाणी व कापणीच्या वेळी ठरलेले धान्य असा होता. आपल्याकडच्या बलुत्याशी त्याची जात जुळते. कोणी किती द्यायचे यावर वाद पेटला. काहींनी देणेच थांबवले. सेवक मिळेना, आणि धर्मगुरूला मिस्सेत उत्तर द्यायला माणूस शोधण्याची वेळ आली. शेवटी कोणत्या घराने काय द्यायचे याची यादी करून तोडगा लिहून काढावा लागला. हट्ट, कंजूषपणा, जुने वैर सगळे त्या पानांत आहे. तरी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. तोडगा बहुमताने कोणावर लादलेला नव्हता. सगळे राजी होईपर्यंत तो थांबवून धरला गेला. ज्या गावात उद्या त्याच माणसाच्या कळपात आपल्या संताची मेंढी चरणार आहे, तिथे एकालाही वगळून चालत नाही.

आता काळ्या वस्त्रांकडे येते, कारण ट्रिकीचे मन मला तिथे सर्वात स्पष्ट दिसले. मृतांसाठी होणाऱ्या मिस्सेला धर्मगुरूला काळी वस्त्रे लागत आणि मोरबाथकडे ती नव्हती. चर्चच्या मेंढ्यांच्या लोकरीवर धर्मगुरूचा दशांशाचा हक्क होता. आल्यानंतर लवकरच ट्रिकीने तो हक्क सोडला आणि तेवढी रक्कम काळ्या वस्त्रांसाठी बाजूला ठेवायला सांगितली. रक्कम वर्षाला अगदी थोडी. मृत्युपत्रांतून कोणी काही पेन्स घालत, आणि धर्मगुरू दरवर्षी वाचून दाखवताना आतापर्यंत किती झाले ते सांगत असे. हे वीस वर्षांहून अधिक काळ चालले. वस्त्रे अखेर १५४७ साली आली. त्याच वर्षी जानेवारीत आठवा हेन्री वारला होता, नऊ वर्षांचा सहावा एडवर्ड गादीवर बसला होता, आणि राज्यकारभार चालवणाऱ्या मंडळींनी मृतांसाठीच्या प्रार्थना म्हणजे अंधश्रद्धा ठरवून त्यांचे निधी जप्त करायला सुरुवात केली होती. ज्या मिस्सेसाठी ती वस्त्रे शिवली तीच दोन वर्षांत बेकायदा झाली.

बदल अर्थात १५४७ च्या आधीच सुरू झाले होते. १५३० च्या दशकात मठ मोडले गेले. मोरबाथची जमीन ज्याच्या ताब्यात होती तो बार्लिंचचा मठही त्यात गेला, आणि त्याच्या उद्ध्वस्त चर्चमधली काचेची एक खिडकी, दगड-लोखंडासह, मोरबाथच्या चर्चला भेट मिळाली. १५३८ च्या फर्मानाने मूर्तींपुढचे दिवे विझवण्यास सांगितले, आणि प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची नोंदवही ठेवावी असाही हुकूम दिला. दिवे बंद झाल्यावर दिव्यांसाठी ठेवलेल्या मेंढ्यांना अर्थ राहिला नाही. एकेक निधी आटत गेला. हेन्रीच्या हयातीत तरी मिस्सा, घंटा, मेजवान्या आणि संत जॉर्ज उभे होते.

एडवर्डच्या काळात ते सारे काही महिन्यांत गेले. १५४८ साली मुख्य वॉर्डनची पाळी लूसी सीली नावाच्या स्त्रीवर आली. तिच्या हिशेबाचे पान वाचताना मला कायमचे टाळे लागलेल्या संस्थांचे शेवटचे ताळेबंद आठवले. मेजवानी नाही, म्हणून तिच्या हाती आल्याबरोबर जमेला काही नाही. मेंढ्या विकलेल्या. निधी संपलेले. उलट खर्च वाढलेला, कारण सरकारी अधिकाऱ्यांपुढे पुन्हा पुन्हा हजर व्हायचे, चर्चमधल्या वस्तूंच्या याद्या करून द्यायच्या, नवी पुस्तके आणायची, मूर्ती काढण्याची मजुरी द्यायची. या स्त्रीला चर्चची वस्त्रे आणि सामान विकून ते भागवावे लागले. पुढे बऱ्याच वर्षांनी, बिघाड कधी सुरू झाला हे सांगताना ट्रिकीने तिच्या वॉर्डनपदाचे वर्ष खूण म्हणून वापरले. तेव्हापासून चर्चची सतत पडझडच होत गेली असे तो लिहितो. तिला दोष देण्याचा त्याचा हेतू मला दिसत नाही. ती अडचणीच्या वर्षी पाळीवर आली एवढेच.

१५४९ च्या वसंतात मेंढ्यांवर नवा कर बसला, म्हणजे मोरबाथसारख्या गावाच्या पोटावरच. आणि ९ जूनला, पेंटेकॉस्टच्या रविवारी, देशभर नवे इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीने लागू झाले. दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधल्या सॅम्पफर्ड कोर्टनी गावाने आपल्या धर्मगुरूला जुनी वस्त्रे चढवून जुनीच मिस्सा करायला लावली. तिथून बंड पेटले. शेजारच्या कॉर्नवॉलचे लोक आधीच निघाले होते. दोन्हीकडच्या बंडखोरांनी मिळून जुलैच्या सुरुवातीला एक्झिटरला वेढा घातला. नवी उपासना नाताळातल्या खेळासारखी आहे, ती आम्ही घेणार नाही, असे त्यांनी राजाला लिहून कळवले. राजाचा सेनापती लॉर्ड रसेल याच्या फौजेने, तिच्यात भाडोत्री परदेशी शिपाईही होते, ऑगस्टमध्ये वेढा उठवला. क्लिस्ट हीथ या माळावर पकडलेल्या शेकडो कैद्यांचे गळे चिरले गेले. सॅम्पफर्ड कोर्टनीलाच शेवटची लढाई झाली. एक्झिटरजवळच्या संत थॉमस चर्चच्या धर्मगुरूला मिस्सेच्या वस्त्रांसह त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर फाशी दिले. मेलेल्यांची संख्या हजारांत होती.

मोरबाथ एक्झिटरपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर. या गावाने काय केले? बराच काळ अभ्यासक म्हणत आले की काही केले नाही. वही आज्ञाधारक दिसते. सरकारने जे काढायला सांगितले ते काढले, जे विकत घ्यायला सांगितले ते घेतले. १९०४ साली मोरबाथच्याच एका व्हिकरने (धर्मगुरूने), जॉन अर्स्किन बिनी यांनी, ही वही छापली तेव्हापासून ती या समजुतीचा पुरावा म्हणून वापरली जात होती. पण तिच्यात १५४९ च्या काही नोंदी होत्या, ज्यांत गावातल्या पाच तरुणांना एका छावणीकडे निघताना पैसे दिल्याचे लिहिले होते, प्रत्येकी सुमारे सहा-सात शिलिंग. जागेचे नाव छापताना चुकीचे वाचले गेले होते, त्यामुळे छावणी कोणती याचा उलगडा होत नव्हता. केंब्रिजचे इतिहासकार इमन डफी यांनी मूळ हस्तलिखित पुन्हा वाचले आणि ते नाव सेंट डेव्हिड्स डाउन आहे हे दाखवून दिले. ती एक्झिटरच्या तटाबाहेरची टेकडी होती, आणि १५४९ च्या उन्हाळ्यात तिथे छावणी होती ती बंडखोरांची.

म्हणजे मोरबाथच्या धर्मग्रामाने राजद्रोहासाठी माणसे पाठवली, खर्च गावाच्या पैशातून केला, आणि तो धर्मगुरूने नेहमीच्या अक्षरात, नावानिशी, पुलाच्या दुरुस्तीचा खर्च लिहावा तसा लिहून टाकला. मी आयुष्यभर वाचलेल्या हिशेबांत याच्याइतकी धाडसी नोंद मला आठवत नाही. हे पान चुकीच्या हाती पडते तर ट्रिकी फासावर गेला असता. त्याने ते फाडले नाही, खोडले नाही. मला वाटते, लिहिल्याशिवाय त्याला राहवले नाही, कारण पैसा गावाचा होता आणि गावाचा पैसा कुठे गेला हे गावाला सांगणे त्याच्या लेखी टाळता येण्यासारखे नव्हते. लढाईनंतर कोण परतले यावर त्या नोंदींपुढे एक शब्द नाही. पुढच्या वर्षांच्या पानांत त्या पाचांतली काही नावे पुन्हा येतात आणि काही येत नाहीत.

त्यानंतरची चार वर्षे गाव गप्प आणि कंगाल होते. दगडी वेद्या पाडल्या गेल्या. नोंदी आखूड झाल्या, आणि पूर्वी पानापानावर दिसणारी देवाची विनवणी दिसेनाशी झाली. मग जुलै १५५३ मध्ये मेरी ट्यूडर राणी झाली, देश पुन्हा रोमकडे वळला, आणि मोरबाथच्या घराघरांतून वस्तू बाहेर येऊ लागल्या. कोणी वस्त्र लपवले होते, कोणी पुस्तक, कोणी मूर्तीचे आणि क्रूसाच्या चौकटीचे तुकडे. विकत घेतल्याचे भासवून किंवा गुपचूप उचलून नेऊन लोकांनी ते जपले होते आणि आता ते परत आणून देत होते. त्यांची नावे लिहिताना ट्रिकीने त्यांना भल्या कॅथलिक माणसांप्रमाणे वागल्याचे श्रेय दिले आहे. विक्रीची नोंद असलेली वस्तू खरेदीची नोंद नसताना पुन्हा मालमत्तेत दिसली तर लेखापरीक्षक प्रश्न विचारतो. मोरबाथच्या वहीत त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सारे गाव उभे आहे.

मेरीची पाच वर्षे कर्ज फेडण्यात आणि डागडुजीत गेली. नोव्हेंबर १५५८ मध्ये ती वारली, एलिझाबेथ आली, १५५९ साली इंग्रजी प्रार्थनापुस्तक पुन्हा लागू झाले, आणि मूर्ती व वेद्या पुन्हा काढाव्या लागल्या. जवळजवळ सगळ्या बिशपांनी चर्चवर नव्या राणीची सत्ता मानण्याची शपथ नाकारून पदे गमावली. ट्रिकीने शपथ घेतली आणि तो राहिला. साठी ओलांडलेल्या त्या माणसाने इंग्रजी उपासना चालवली आणि पुढची पंधरा वर्षे त्याच चर्चमध्ये काढली.

यावरून त्याला भित्रा म्हणणारे आहेत, आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. त्याच शतकात माणसे यापेक्षा लहान मतभेदासाठी जिवंत जळाली. ज्या माणसाने वीस वर्षे काळ्या वस्त्रांसाठी पेन्स जमवले, त्याने मृतांसाठी प्रार्थना न करणारी उपासना शेवटपर्यंत चालवावी हे सहज पचत नाही. मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे आणि माझे मत त्याच्या बाजूने झुकते. ट्रिकी निघून गेला असता तर मोरबाथला दुसरा धर्मगुरू मिळाला असता, बहुधा गावाला न ओळखणारा. त्याने बाप्तिस्मा दिलेल्या मुलांची मुले आता त्याच्याकडे बाप्तिस्म्याला येत होती. ज्यांचा बंडात अंत झाला असेल त्यांच्या आईबापांना त्या पैशांचा हिशेब ठाऊक असलेला तो एकटाच धर्मगुरू होता. त्याची श्रद्धा मोरबाथपासून वेगळी काढून, अंगावर घालून, दुसरीकडे नेण्यासारखी नव्हतीच. ती त्या ३३ घरांत विभागून ठेवलेली होती, मेंढ्यांसारखीच.

जे परत आले नाही ते मात्र मोजायला हवे. इंग्लंडच्या धर्मसुधारणेबद्दल बोलताना मूर्ती, लॅटिन, पोप यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाही हवी. लोकांच्या भाषेत बायबल आले हे मी मोठेच मानते. पण मोरबाथच्या जमाखर्चात नुकसानीची नोंद वेगळ्या रकान्यात पडते. १५३० साली या गावात एका वर्षात डझनभर माणसे, त्यांत कोवळ्या मुली आणि मुले, सार्वजनिक पैशाची जबाबदारी घेऊन गावासमोर उभी राहत होती. एलिझाबेथच्या काळात वहीत जवळजवळ एकाच निधीचा, मुख्य वॉर्डनचा, हिशेब उरला. पैसा मेजवानीतून आणि लोकरीतून येण्याऐवजी घरांवर आकारणी करून येऊ लागला. तरुणांना आणि मुलींना चर्चमध्ये बसून ऐकण्याचे काम राहिले. लंडनमध्ये मूर्तीविरुद्ध फर्मान काढणाऱ्यांच्या मनात मुलींच्या वॉर्डनपदाचा विचारही आला नसेल, पण त्यांच्या फर्मानाने ते पद गेले, कारण ते त्या मूर्तीसमोरच्या मेणबत्तीला बांधलेले होते.

पुढे इंग्लंडमध्ये पॅरिश हाच स्थानिक कारभाराचा पाया झाला. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर आली आणि त्यासाठी कर बसवण्याचा अधिकारही. १८९४ च्या कायद्याने चर्चचा कारभार आणि गावाचा कारभार वेगळे होऊन निवडून दिलेल्या पॅरिश कौन्सिल आल्या. मोरबाथही या सगळ्यातून गेले. १८७३ साली तिथे रेल्वे आली आणि १९६६ साली ती बंदही झाली. संत जॉर्जचे चर्च एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुरुस्तीनंतर आजही उभे आहे. गरिबांच्या कराची वही ठेवणारे सतराव्या शतकातले अधिकारी ट्रिकीपेक्षा नेटके हिशेब लिहीत असतील, पण त्यांच्या वहीत गावाचे दोन भाग पडतात: कर देणारी घरे आणि त्यावर जगणारी घरे. ट्रिकीच्या वहीत विधवा देणगी देते, विधवा वॉर्डन होते आणि विधवेच्याच कळपात मरियेची मेंढी चरते, आणि त्या तिन्ही नोंदींत ती एकच बाई असू शकते.